हा हिरा का नाही? मुलांना रत्नांची ओळख करून देणारे हातचे उद्योग सुचवा

ओंजळभर
माझी लेक आठ वर्षांची आहे. गेले दोन महिने तिला खड्यांचं वेड लागलंय. कपडे धुवायला टाकण्याआधी तिचे खिसे उलटे करून झटकावे लागतात. परवा एक पांढुरकी गारगोटी खिडकीच्या उजेडाकडे धरून तिने विचारलं, "आई, हा हिरा आहे का?" मी म्हटलं, नाही. लगेच पुढचा प्रश्न, "का नाही?"

त्याचं धड उत्तर मला देता आलं नाही. मग एक रंगीत तक्ता आणला. माणिक, पाचू, नीलम, पुष्कराज, गोमेद, सगळी नावं तिने एका संध्याकाळी पाठ केली आणि दुसऱ्या दिवशी तक्त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. खडे गोळा करणं मात्र चालूच आहे. म्हणजे तिची उत्सुकता आटलेली नाही, माझाच रस्ता चुकला.

माती, कागद, कात्री, रंग दिले की ती तासन्‌तास रमते. हाताला काम मिळेल आणि रत्नांबद्दल काहीतरी खरं समजेल असे उद्योग सुचवाल का? "चित्र रंगवा आणि खाली नाव लिहा" असलं नको. घरात तीन वर्षांचा धाकटाही आहे, दिसेल ते तोंडात घालतो, तेवढं लक्षात घ्या.

पारिंगण
छान विषय. वाचत राहीन. आमच्याकडे खिशांऐवजी दप्तराचा तळ.

खडूफळा
ओंजळभर, तिने "का नाही" विचारलंय ना, मग तिथूनच सुरुवात करा.

मी प्राथमिकच्या मुलांना शिकवते. दगड नुसता बघायला दिला की मुलं रंगावर जातात, आणि रंग हमखास फसवतो. म्हणून मी ओरखड्यापासून सुरू करते. फ्रेडरिक मोहस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ मध्ये दहा खनिजांची उतरंड लावली. तळाला शंखजिरं, त्याला १. माथ्यावर हिरा, त्याला १०. वरचा खालच्याला ओरबाडतो, खालचा वरच्याला ओरबाडू शकत नाही. आपलं नख साधारण अडीचवर येतं, तांब्याचं नाणं तीनच्या आसपास, काच साडेपाचवर.

लेकीला जाड पुठ्ठ्याची दहा पायऱ्यांची शिडी करायला सांगा. नख, नाणं आणि काच यांची चित्रं त्या त्या पायरीवर तिनेच काढायची. मग गोळा केलेला एकेक खडा तपासून त्याची पायरी ठरवायची. यात एक बारकावा आहे. ओरखडा उठला असं वाटलं की त्यावरून ओलं बोट फिरवायचं. रेघ पुसली गेली तर ती मऊ दगडाची भुकटी होती. बोटाला खाच लागली तर खरा ओरखडा. माझ्या वर्गात पोरं या ओल्या बोटासाठी रांग लावतात.

काचेसाठी जाड बुडाची जुनी बाटली घ्या, खिडकीची काच नको. डोळ्यांवर चष्मा हवा.

तिसरी_घंटा
खडूफळा, पटलं नाही. ओंजळभर यांनी सर्जनशील उद्योग विचारलेत आणि तुम्ही प्रयोगवही उघडलीत. आठ वर्षांच्या मुलीला आधी त्या गोष्टीच्या प्रेमात पडू द्या. आम्ही घरी टिकल्या, चमकी आणि रंगीत कागद घेऊन खजिन्याची पेटी केली होती. लेकीने प्रत्येक रत्नाची एक गोष्ट रचली. तिला आजही पाचू म्हटलं की तिने रचलेली जंगलातली राणी आठवते. हेही शिकणंच आहे.

खडूफळा
तिसरी_घंटा, गोष्टी रचायला माझा अजिबात विरोध नाही, वर्गात मीही रचायला लावते. पण चमकीच्या पेटीतून पाचूबद्दल काय कळलं? हिरवा असतो, एवढंच. हिरवी काचही हिरवीच असते. ओंजळभर यांचा तक्ता नेमका इथेच अडला.

पैलूकार
दोघींच्या मधली एक वाट सांगतो. मी खडे घासण्याच्या कामात आयुष्य काढलं. नवीन पोरगं शिकायला आलं की त्याच्या हातात आधी दगड देत नाही, साबणाची वडी देतो.

पारदर्शक साबण घ्या, ग्लिसरिनचा. आइसक्रीमची चपटी काडी हे हत्यार, कापायचं काही नको. आधी वडीचे कोपरे उतरवून जाडसर चकती करा. वरची बाजू सपाट राहू द्या, तो झाला खड्याचा माथा. आता माथ्याच्या कडेने आठ तिरके काप घ्यायचे, आधी समोरासमोरचे चार, मग त्यांच्या मधले चार. पहिल्या चारांत मुलांची कड वाकडी जाते. पाचव्या-सहाव्या कापाला हात आपोआप तिरका धरला जातो आणि दोन सपाट्या जिथे भेटतात तिथे अचानक धारदार रेघ उमटते. ती रेघ दिसली की मूल मान वर करून आपल्याकडे बघतं. मग वडी उलटी करून खालची बाजू टोकाकडे निमुळती करायची. शेवटी ओल्या बोटाने प्रत्येक सपाटी गुळगुळीत करायची, म्हणजे तिच्यातून उजेड जातो.

मग सांगा, गोल हिऱ्याच्या ब्रिलियंट नावाच्या घाटाला ५७ पैलू असतात, तळाचं टोकही सपाट केलं तर ५८. बेल्जियन अभियंते मार्सेल टोल्कोव्स्की यांनी १९१९ मध्ये त्या घाटाचे कोन गणिताने मांडले. खालची बाजू फार उथळ झाली की माथ्यातून आत गेलेला उजेड बुडातून निसटतो आणि खडा मेल्यासारखा दिसतो. कोन साधला की तोच उजेड आतल्या आत दोनदा उलटून माथ्यातून परत येतो. याची खूण पटवायची असेल तर पाण्याने भरलेला काचेचा पेला डोळ्यांच्या वर धरा आणि खालून तिरकं पाण्याच्या पृष्ठभागाकडे बघा. पृष्ठभाग चांदीच्या आरशासारखा दिसतो. हिऱ्याच्या आत हेच चाललेलं असतं, फक्त कितीतरी जोमाने.

तिसरी_घंटा
पैलूकार काका, हे मात्र झकास. रविवारी साबण आणते.

रेणुसूत्र
स्फटिक वाढवण्याबद्दल कुणीच कसं बोललं नाही? माझ्या मते सगळ्यात मोठी मजा त्यात आहे.

तुरटी घ्या. गरम पाण्यात विरघळेल तेवढी विरघळवा, तळाला थोडी उरायला लागली की थांबा. गाळून उथळ ताटलीत ओता आणि रात्रभर ठेवा. सकाळी तळाला बारीक कणीदार स्फटिक दिसतील. त्यातला सगळ्यात रेखीव एक निवडा, नायलॉनच्या बारीक दोऱ्याला बांधा आणि पूर्ण थंड झालेल्या, गाळलेल्या द्रावणात मधोमध टांगा. वर कागद झाका. हलवायचं नाही. आठवड्या-दोन आठवड्यांत आठ त्रिकोणी बाजूंचा स्फटिक तयार होतो, दोन पिरॅमिड तळाला तळ लावून चिकटवल्यासारखा.

खाणीतून निघणारा हिरा पुष्कळदा याच आकाराचा असतो. पण तुरटीच्या स्फटिकावर नखाने ओरखडा उठतो. खडूफळांची शिडी तयार असेल तर मुलगी स्वतःच त्याला खालच्या पायरीवर ठेवेल. आकार तोच आणि कठीणपणा इतका वेगळा, हे तिने नखाने अनुभवलं की तिचा "का नाही" निम्मा सुटला.

काचेरी
आमचा टांगलेला स्फटिक दुसऱ्या दिवशी गायब! नुसता दोरा लोंबत होता. मुलगा रडकुंडीला आला.

त्याआधी एकदा "दगड फोडा, रत्नं शोधा" असा तयार संच आणला होता. आत प्लॅस्टरमध्ये रंगवलेले खडे. निळा म्हणून निघालेला अकीक पाण्यात ठेवला तर पाणी निळं. पोराने मला विचारलं, "हे कुणीतरी आतमध्ये लपवलंय ना?" मला फार वाईट वाटलं. एक फसवणूक म्हणून लक्षात राहावं असं त्यात काही नको होतं.

रेणुसूत्र
काचेरी, द्रावण कोमट असतानाच स्फटिक टांगलात का? कोमट पाण्यात आणखी तुरटी मावते, म्हणून ते टांगलेला स्फटिकच विरघळवून घेतं. खोलीचं तापमान चढलं तरी तेच होतं. द्रावण पार थंड होऊ द्या आणि तळाला चार-दोन कण राहिलेले दिसू द्या, म्हणजे ते पुरतं भरलंय याची खात्री.

आणि मोरचूद वापरू नका. निळा स्फटिक सुंदर होतो, पण ते विषारी आहे. ओंजळभर यांच्या घरात तर नकोच नको.

सावलीतला_झरा
रेणुसूत्र, तुरटीत खायचा रंग टाकला तर रंगीत रत्न होईल का? आम्ही लाल टाकला होता, पाणी लालभडक आणि स्फटिक पांढराच. काय चुकलं?

रेणुसूत्र
काहीच चुकलं नाही. उलट तुमच्या हाती फार मोलाची गोष्ट लागली.

स्फटिक म्हणजे एकसारख्या विटांची रचना. खायच्या रंगाचे रेणू त्या विटांच्या जागी बसत नाहीत, म्हणून वाढता स्फटिक त्यांना बाहेर ढकलतो. आता माणिक बघा. ते कुरुविंद नावाच्या खनिजाचंच एक रूप. शुद्ध कुरुविंद म्हणजे ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन, बिनरंगी. पण क्रोमियमचा अणू ॲल्युमिनियमच्या जागी जवळजवळ नेमका बसतो. शंभरातल्या एखाद्या जागी क्रोमियम आला की सगळा खडा लाल. त्याच कुरुविंदात लोह आणि टायटॅनियम शिरले की निळा नीलम. म्हणजे माणिक आणि नीलम सख्खी भावंडं. पाचू आणि ॲक्वामरिन हीसुद्धा तशीच, दोन्ही बेरिल या एकाच खनिजाची.

मुलांना हे दाखवायला चौकोनी खाचांचा पुठ्ठा करा. मापाचे पांढरे ठोकळे, त्याच मापाचे थोडे लाल ठोकळे आणि काही मोठे गोल मणी द्या. पांढऱ्यांच्या मध्ये लाल ठोकळा सहज बसतो, गोल मणी बसत नाही. मग पुठ्ठा लांबून बघायचा.

पारिंगण
हा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. शाळेत रंगांबद्दल असं कुणी सांगितलं असतं तर!

भूस्तर
माणकाचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. ब्रिटिश राजमुकुटावर समोरच जो मोठा लाल खडा आहे, ज्याला शतकानुशतकं "ब्लॅक प्रिन्सचं माणिक" म्हणतात, तो माणिक नाही. स्पिनेल नावाचं वेगळंच खनिज आहे. रंगावर विसंबून राजेरजवाडेसुद्धा फसले. मुलांना ही गोष्ट सांगून बघा, पुढच्या क्षणी हातात खडा घेऊन ओरबाडायला बसतात.

हिरा आणि पेन्सिलचं शिसं हेही करून बघा. शिसं म्हणजे ग्राफाइट आणि माती. ग्राफाइट आणि हिरा दोन्ही निव्वळ कार्बन. चिकणमातीच्या गोळ्या आणि दात कोरायच्या काड्या घ्या. आधी सपाट षट्‌कोनांची जाळी करून एकावर एक ठेवा, वरची जाळी बोटाने सहज सरकते. कागदावर पेन्सिल चालते ती अशीच, थर सुटतात. मग प्रत्येक गोळीतून चार दिशांना चार काड्या काढून वर-खाली, आजूबाजूला जोडत जा. ही रचना सरकत नाही, हलवली तर सगळीच एकदम हलते. बहुतेक नैसर्गिक हिरे जमिनीखाली दीडशे किलोमीटर किंवा त्याहून खोल, प्रचंड दाबाखाली तयार झालेत. मग सांगा की दाबाने कार्बनला ही दुसरी रचना घ्यायला लावली.

कठीण म्हणजे न फुटणारा नव्हे, हेही याच वेळी सांगा. हिऱ्यावर हातोडी घातली तर तो ठरावीक दिशांनी फुटतो. जेड हिऱ्यापेक्षा पुष्कळ मऊ, पण आतले तंतू एकमेकांत गुंतलेले, म्हणून फोडायला चिवट. कागदांचा गठ्ठा आणि गुंतलेल्या लोकरीचा गोळा मुलांच्या हातात द्या आणि दोन्ही ओढून वेगळे करायला सांगा.

दूरदर्पण
काचेरी, अकीकासाठी संच कशाला? ज्वालामुखीच्या खडकातल्या पोकळीत सिलिकाचे थर बाहेरून आत बसत जातात, तो अकीक. लहान वाटीला आतून चिकणमातीचा पातळ तपकिरी थर लावायचा, मग पांढरा, मग राखाडी, मग निळसर, मधोमध थोडी पोकळी ठेवून तिथे खडे मीठ चिकटवायचं. अर्धवट वाळल्यावर गोळा काढून दोऱ्याने मधोमध कापायचा. दोन्ही अर्ध्यांवर वळसे उघडतात. माझी मुलगी कापताना डोळे मिटून घेते आणि "आता बघू?" विचारते.

मोत्याचं उलट. तो आतून बाहेर वाढतो. मण्यावर रोज गोंद आणि मोतिया रंगाचा एकच पातळ हात द्यायचा, महिनाभर. तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो, तेव्हा सांगायचं की शिंपलीला वर्षं लागतात.

वाऱ्याची_झुळूक
महिन्याप्रमाणे जन्मरत्नांच्या बांगड्या केल्या तर? मुलांना स्वतःचं रत्न म्हटलं की फार आवडतं.

खडूफळा
जरूर करा, पण आजच्या जन्मरत्नांच्या प्रचलित यादीचा पाया १९१२ मध्ये अमेरिकेतल्या जवाहिऱ्यांच्या संघटनेने घातला, हे मुलांना सांगा. नाहीतर दगडच आपलं नशीब ठरवतो असं मनात बसतं, आणि ते काढायला पुढे फार त्रास होतो.

सावलीतला_झरा
माझ्या भाच्याने विचारलं होतं, "हे खोदून कोण काढतं?" मी तो प्रश्न टाळला नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्ली इथला तो प्रचंड खड्डा १८७१ ते १९१४ या काळात माणसांनी कुदळ-फावड्याने खणला, हे सांगितलं. हिऱ्यांच्या पैशावर युद्धं चालू नयेत म्हणून २००३ पासून किंबर्ली प्रक्रिया ही आंतरराष्ट्रीय व्यवस्था सुरू झाली, हेही त्याला कळेल एवढं सांगितलं. त्याने खाणीचं चित्र काढलं आणि तळाशी बारीक बारीक माणसं. त्याच्या सगळ्या चित्रांत मी तेवढंच जपून ठेवलंय.

ओंजळभर
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन आठवड्यांचा वृत्तांत देते.

शिडी केली. गारगोटीने बाटलीवर ओरखडा उठला आणि ओल्या बोटाने पुसला गेला नाही. लेक घरभर नाचली, "हिराच आहे!" आता मी पुन्हा अडले. काचेवर ओरखडा उठतो म्हटल्यावर तिला काय सांगू?

भूस्तर
गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ, तिची पायरी ७. साडेपाचच्या वरचा कुठलाही दगड काचेला ओरबाडतो. तिला आता सातच्या वरचं काहीतरी द्या. घरात पॉलिश पेपर आहे का? त्यातल्या बऱ्याच कागदांवरचे कण ॲल्युमिनियम ऑक्साइडचे असतात, म्हणजे कुरुविंदच, पायरी ९. माणकाचा चुलतभाऊ समजा. पाकिटावर तसं लिहिलेला कागद घ्या. कागद आणि गारगोटी दोन्ही ओले करा, दगडाची धूळ नाकात जायला नको. मग गारगोटीची सगळ्यात चकचकीत बाजू त्यावर घासायला सांगा.

पैलूकार
भूस्तर, माझ्या मनातलं बोललात. आणि अंधारात दोन गारगोट्या पाण्याखाली एकमेकींवर जोरात घासा. आत फिकट उजेड दिसतो. हा खेळ झालाच पाहिजे.

ओंजळभर
केलं! गारगोटीची चकचकीत बाजू पाच-सहा घासण्यांत धुरकट झाली. लेक बराच वेळ गप्प होती. मला वाटलं हिरमुसली. मग म्हणाली, "हिरा असता तर कागदच झिजला असता." हे मी तिला सांगितलं नव्हतं.

रात्री न्हाणीघराचा दिवा बंद करून बादलीत गारगोट्या घासल्या. पहिल्यांदा काहीच दिसलं नाही. डोळे अंधाराला सरावल्यावर तिने जोर लावला आणि दगडांच्या आत पिवळसर उजेड हलला. धाकटाही दाराशी उभा राहून टाळ्या वाजवत होता. (खडे सगळे वरच्या फळीवर, झाकणाच्या बरणीत आहेत.)

तुरटीचा स्फटिक बोटाच्या पेराएवढा झालाय, सहा बाजू अगदी रेखीव, दोन जरा चेपलेल्या. जुन्या चपला-बुटांच्या खोक्यात तिने संग्रह मांडलाय. प्रत्येक खड्याखाली चिठ्ठी. तुरटीच्या चिठ्ठीवर लिहिलंय, "आकार हिऱ्याचा. पण नखाने ओरखडा." गारगोटीच्या चिठ्ठीवर, "हिरा नाही. ७. काचेला हरवते, पॉलिश पेपरला हरते. अंधारात उजेड."

एक शेवटची शंका. तुरटीचा स्फटिक दोन दिवसांत पांढुरका पडायला लागलाय. तिला काळजी लागलीय.

रेणुसूत्र
कोरड्या हवेत तुरटीतलं पाणी उडून जातं, म्हणून पृष्ठभाग पांढरा होतो. स्फटिक मऊ कापडाने पुसून कोरडा करा आणि बिनरंगी नेलपॉलिशचे दोन पातळ हात द्या, मध्ये पुरतं वाळू द्या. दोरा कापू नका, धरायला तोच कामाला येतो.

ओंजळभर
लावलं. दोरा धरून तीच फिरवत होती, मी कुंचला. आता वाळायला खिडकीत टांगलाय.